पंचांमुखी परमेश्वर, पण कोणाचा?

गुडीहत्नूरच्या आसमंतात मराठी, तेलुगू व गोंडी या तिन्ही भाषा कानी पडतात. देवळाची जत्रा म्हटली की, सीमेच्या अलीकडे काय नि पलीकडे काय, कुस्तीचा फड आठवतोच. अशा फडाभोवती उभे असता एक प्रश्न आमच्या मनास वारंवार टोचतो. पंचांमुखी परमेश्वर असतो, असे आपण मानतो. परंतु पंच आपल्याच गावचा असला, तर तो परमेश्वर कोणाचा?

हा प्रश्न खेड्यापुरता नाही. बर्फावर संगीताच्या तालाने गिरक्या घेण्याचा फिगर स्केटिंग हा खेळ घ्या. तेथे कोणाची पाठ मातीस लागत नाही. डौल किती साधला, हे पंचांच्या दृष्टीनेच ठरते. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोड्यांच्या स्पर्धेत नऊ पंचांपैकी पाचांनी रशियाच्या जोडीस व चौघांनी कॅनडाच्या जोडीस कौल दिला. आपल्या देशाच्या जोडीस दुसऱ्या स्पर्धेत मते मिळावीत, म्हणून रशियास मत देण्याचे दडपण आपल्यावर आले, असे फ्रेंच पंच बाईंनी सांगितले. पुढे ते विधान मागेही घेतले. अखेर कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक देण्यात आले, आणि त्या बाई व फ्रेंच संघटनेचे अध्यक्ष तीन वर्षांसाठी निलंबित झाले. पंचांवर स्वदेशाचा दाब येऊ नये, म्हणून त्यानंतर कोणी किती गुण दिले हे गुप्त ठेवण्यात येऊ लागले. परंतु पडदा भित्र्यास झाकतो, तसाच तो लबाडासही झाकतो. २०१६ साली ही गुप्तता रद्द झाली.

कोणी म्हणेल, कुस्तीचे बरे. चीतपट सर्वांस दिसते. वस्तुतः तेही तितके सोपे नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरीच्या उपांत्य लढतीत पंचांनी पृथ्वीराज मोहोळ यांस विजयी ठरविले. आपली पाठ टेकलीच नव्हती, असे शिवराज राक्षे यांचे म्हणणे होते. त्यांनी पंचांस लाथ मारली, व त्यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली. निकालाचा न्याय आम्ही येथून करू इच्छीत नाही. मात्र तक्रार खरी असली, तरी लाथेने ती सिद्ध होत नाही, एवढे खास.

याहून निराळे उदाहरण खाशाबा जाधवांचे. १९५२ साली हेलसिंकी येथे जपानच्या इशीशी झुंजून ते थकले असतानाच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढण्यास बोलावण्यात आले. मध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता. तो बजावून सांगण्यास एकही भारतीय अधिकारी जवळ नव्हता, असे सांगतात. खाशाबांस कांस्यपदक मिळाले. अन्यायास दुष्ट पंचच लागतो असे नाही. आपले म्हणणे मांडणारा कोणी तेथे नसला, तरी तो घडतो. म्हणून ज्याचे माणूस हजर नाही त्याच्या बाजूचा नियम जो स्वतः होऊन उच्चारतो, त्यासच आम्ही पंच म्हणू.

आपल्या गावावर, आपल्या देशावर प्रेम करणे हे पाप नव्हे. पाप घडते ते त्या प्रेमास निकाल देण्याच्या आसनावर बसविल्याने. गोव्या-कोकणातील देवळांत कौल लावतात, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. उजवा कौल मिळेपर्यंत जो पुनःपुन्हा पाकळ्या लावीत राहतो, त्याने देवास विचारलेलेच नसते; आपलीच इच्छा त्याने देवाकडून वदवून घेतलेली असते. डावा कौलही जो मस्तकी धरतो, त्याची श्रद्धा खरी.

फडाभोवतीचे आपण सारे प्रेक्षकही एक प्रकारे पंचच आहोत. आपल्या आरोळ्यांचे दडपण त्या एकट्या माणसावर पडत असते. पुढल्या जत्रेत परगावच्या मल्लाने डाव साधला, तर आपला आवाज त्याच्यासाठी निघेल काय? आमचा स्वतःचा निघेलच, असे छातीठोकपणे आम्हांस आज सांगवत नाही. म्हणूनच हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःस विचारीत आहोत.