शोभा कोणासाठीं?

घरांत माशांची कांचेची पेटी आणावयाची ठरली म्हणजे पहिला वाद माशांविषयीं होत नाहीं. तो तळाशीं घालावयाच्या खड्यांविषयीं होतो. दुकानांत निळे, गुलाबी, हिरवे खडे असतात, संगमरवराचे शुभ्र तुकडे असतात, कांचेच्या गोट्या असतात. दिवाणखान्याच्या पडद्यांना काय शोभेल याचा खल होतो. ज्यास त्या खड्यांवर आयुष्य काढावयाचें आहे त्याची आठवण सहसा कोणास होत नाहीं. दुसऱ्याच्या घराची रचना आपल्या डोळ्यांच्या सुखासाठीं करण्याचा अधिकार आपणांस कोठून आला?

हें आम्ही उपदेशकाच्या आसनावरून लिहीत नाहीं. आमच्या घरीं पेटी आली तेव्हां धाकट्या मुलीनें गुहागरच्या किनाऱ्यावर वेंचलेले शंखशिंपले तळाशीं घालण्याचा हट्ट धरला, आणि आम्हांसही ती कल्पना रम्य वाटली. पेटींत सोडले होते निऑन टेट्रा नांवाचे चिमुकले मासे. यांचें मूळ घर ॲमेझॉनच्या खोऱ्यांतील ओढे. पानें कुजून तांबूस झालेलें, किंचित् आम्ल व अत्यंत मृदु असें तेथील पाणी. शिंपला म्हणजे चुना. आम्ल पाण्यांत तो हळूहळू विरघळतो. पाणी जड होतें आणि त्याची आम्लता जाते. आफ्रिकेंतील मलावी किंवा टांगानिका सरोवरांतील माशांना असेंच जड पाणी मानवतें. तेथें शिंपला दोष नव्हे, सोयच. आमचे मासे मात्र मलूल झाले आणि एकामागून एक गेले. नव्या पेटींत मासे मरण्यास इतरही कारणें असतात, तेव्हां सारा दोष शिंपल्यांवर आम्ही टाकणार नाहीं. परंतु "आम्हांस ठाऊक नव्हतें" हे शब्द तेव्हांपासून आमच्या तोंडून सुखानें निघत नाहींत.

कारण ठाऊक करून घेण्यास खर्च तो किती होता? खड्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकावे. फसफसलें तर त्यांत चुना आहे. (फसफस मंद असली तर खडा कानाशीं धरावा, डोळ्यांस न दिसलेलें कधीं कधीं ऐकूं येतें.) रंगीत खडा ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासावा; रंग सुटला तर तो घेऊं नये. सोनेरी मासा खडे तोंडांत घेऊन त्यांवरचें अन्न टिपतो व खडा थुंकतो. वाटाण्याएवढा खडा त्याच्या तोंडांत अडकूं शकतो. मिशांनीं तळ चांचपणाऱ्या माशांस धारदार खडी नको. गोट्यांच्या फटींत अन्न कुजतें. बारीक वाळूचा थर फार जाड झाला तर त्यांत प्राणवायु पोंचत नाहीं. जें अज्ञान चार थेंबांनीं दूर झालें असतें त्यास अज्ञान म्हणावें कीं आळस?

कोणी म्हणेल, एवढी दया असेल तर मासे कोंडावेच कशाला? हा आक्षेप बळकट आहे, आणि त्यास पुरें उत्तर आमच्यापाशीं नाहीं. परंतु कोंडणाऱ्याचें ऋण त्यानें कमी होत नाहीं, वाढतें. नदींतला मासा तळ न रुचल्यास पुढें जातो. पेटींतल्यास पुढें जावयास जागा नाहीं.

आतां आमच्या पेटींत देशावरच्या काळ्या फत्तराचे, नदीनें गुळगुळीत केलेले गोटे आहेत; पांढऱ्या शिरा असलेले तेवढे वगळले, कारण त्या शिरांत चुना असूं शकतो. गंमत अशी कीं पांढऱ्या तळावर मासा फिका पडतो, आणि काळ्यावर त्याचा रंग खुलतो. येथें त्याचें सुख आणि आमची हौस एकत्र आलीं. तीं एकत्र आलीं नसतीं तर आम्हीं काय निवडलें असतें, हें मात्र स्वतःस विचारण्याचें आम्ही टाळतों.

शंखशिंपले बरणींत भरून फळीवर ठेवले. मुलगी परवां त्यांकडे पाहत म्हणाली, "बाबा, हीं तरी कोणाचीं घरें होतीं ना?" रिकामीं होतीं, असें आम्हीं सांगितलें. "पण शंखांत राहणारा खेकडा रिकामेंच घर शोधतो," ती म्हणाली.