हद्द कोणाची?

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. सौंसरला एका सोयरिकीचे बोलणे आटोपून मी मोटारसायकलने सावनेरला बहिणीकडे निघालो होतो. दिवेलागणीची वेळ होती. राज्याची सीमा जवळ आली तेव्हा रस्त्याच्या कडेला पाच-सहा माणसे उभी दिसली. त्यांच्या पायाशी एक म्हातारा पडला होता. शेजारी पिशवी आणि पिशवीतून सांडलेली संत्री. कोणती तरी गाडी धक्का देऊन निघून गेली होती. उभ्या माणसांत वाद चालला होता. एक म्हणाला, "अंधारात मधून चालत होता, गाडीवाला काय करीन?" दुसरा म्हणाला, "हे महाराष्ट्राच्या हद्दीत येते. तिकडच्या पोलिसांना येऊ द्या."

मी मोटारसायकल हळू केली, ऐकले, घड्याळ पाहिले आणि निघालो. म्हाताऱ्याचे पुढे काय झाले ते मला आजही ठाऊक नाही. परतताना त्या जागी थांबून विचारले, तर कोणाला काही सांगता आले नाही. संत्री मात्र तशीच चिरडून पडली होती.

दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्या आपल्याला हद्द हा शब्द फार लवकर कळतो. १९५६ पर्यंत नागपूर हीच आपली राजधानी होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिले. घरात मराठी, कचेरीत हिंदी. लेक इकडची, सासर तिकडचे. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, तरी मोठ्या दुखण्याला आपण नागपूरच गाठतो. सोयरीक, बाजार, दवाखाना यांच्या आड ही सीमा आपण कधी येऊ दिली नाही. मग माणूस रस्त्यावर पडला की तीच आधी का आठवावी?

विचार करता मला वाटू लागले की ही हद्द नकाशावरची नव्हेच. "चूक कोणाची?" हा प्रश्नही एक हद्दच आखतो. पडलेल्याची चूक होती असे एकदा ठरले की तो आपल्या कर्तव्याच्या बाहेर जातो आणि आपण मोकळे होतो. त्या संध्याकाळी दोन्ही प्रश्न विचारून झाले होते. "बाबाजी, कुठं लागलं?" हा प्रश्न मात्र कोणी विचारला नव्हता. मीही नाही.

गंमत अशी की ज्या कायद्याला आपण कोरडा म्हणतो, त्याने हा क्रम बरोबर लावला आहे. मोटार वाहन कायदा गाडीवाल्याला सांगतो: आधी जखमीला औषधोपचार मिळवून दे, मग पोलिसांना कळव. त्याच कायद्यात 'थर्ड पार्टी' असा शब्द आहे. गाडीचा मालक एक, विमा कंपनी दुसरी, आणि तिसरा तो, ज्याने ना हप्ता भरला ना सही केली. जो फक्त रस्त्याने चालला होता. त्या तिसऱ्यासाठी हा विमा सक्तीचा आहे. २०२२ पासून, चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. गाडी पळून गेली असेल तरी दोन लाख व पन्नास हजारांची तरतूद आहे; तो अर्ज तहसीलदार किंवा एसडीएम साहेबांकडे करायचा असतो.

हद्दीचेही उत्तर कायद्याने दिले आहे. पांढुर्ण्याच्या माणसाला नागपुरात गाडीने उडवले, तर त्याला क्लेमची केस आपल्या राहत्या भागातल्या न्यायाधिकरणात लावता येते. मुदत सहा महिन्यांची आहे, म्हणून उशीर करू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडो, समोरच्या ठाण्याने तो लिहून घ्यायचा असतो. आणि मदत करणाऱ्याला पोलिसांनी, दवाखान्याने त्रास देऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीने ते कायद्यातही आले.

मी थांबलो नाही तेव्हा हे संरक्षण नव्हते, असे म्हणून सुटता येईल. पण ते खरे नाही. मला पोलिसांची भीती वाटली नव्हती. मला उशीर होत होता.

९ ऑगस्ट २०२५, राखीचा दिवस. नागपूर-जबलपूर महामार्गावर देवलापारच्या बाजूला एका ट्रकच्या धडकेत मोटारसायकलवरची बाई जागीच गेली. नवरा जाणाऱ्या-येणाऱ्यांना हात जोडत राहिला. कोणी थांबेना. शेवटी त्याने बायकोचा देह मोटारसायकलला बांधला आणि मध्य प्रदेशातल्या आपल्या गावाची वाट धरली. ते जोडपे पायी नव्हते. पण रस्त्यावर पडल्यावर गाडीवाला आणि पायी चालणारा हा भेद उरत नाही. ट्रक पुढे पोलिसांनी शोधून काढला. जे न थांबता गेले त्यांना शोधायचे कोणी, आणि कोणत्या कलमाखाली?

एक स्नेही मला म्हणाले, "गुरुजी, पायी चालणारेही बेफिकीर असतात. चूक विचारायचीच नाही का?" विचारावी, जरूर विचारावी. कोर्टातही ती तपासली जाते, आणि पायी चालणाऱ्याची चूक निघाली तर भरपाई कमी होते. माझे म्हणणे एवढेच की त्या प्रश्नाची जागा नंतरची आहे. शिवाय दोन चुका सारख्या नसतात. चालणारा चुकला तर बहुधा स्वतःचा जीव धोक्यात घालतो. गाडीवाला चुकला तर दुसऱ्याचा. २०२३ साली देशात रस्त्यावर गेलेल्या एक लाख बहात्तर हजारांवर माणसांत पस्तीस हजारांहून अधिक पायी चालणारे होते.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की मोकळा पदपथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. आपल्याकडे पदपथ कुठला? जामसावळीला पायी जाणाऱ्यांना डांबराची कड असते. यंदा मी आणि सौभाग्यवती तसेच निघालो होतो. मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या आवाजाने ती माझा हात धरी. तेव्हा जाणवले, आपण चालतो ते कोणा अनोळखी माणसाच्या भरवशावर. त्या म्हाताऱ्यानेही तोच भरवसा धरला होता. गाडीवाल्याने तो मोडला, आणि त्याच्यामागून आलेल्या मीही.

आता रस्त्यात कोणी पडलेले दिसले की मी थांबतो. याने जुने देणे फिटत नाही, हे मला कळते.