‘खोटं पाडून दाखव ना मंग!’

शंका : मी बोरी अरबचा (ता. दारव्हा). यवतमाळला बी.एस्सी. करतो. सुट्टीत घरी आलो की मामांशी वाद ठरलेलाच. देव निराकार आहे, चराचरात आहे, दयाळू आहे, असं ते सांगतात. मी पुरावा मागितला की म्हणतात, “नाही म्हनतं ना तू? खोटं पाडून दाखव ना मंग!” मला ते जमत नाही आणि पारावरचे सगळे हसतात. देवाबद्दलची विधानं खोटी पाडता येतात का? येत नसतील तर मी हरलो म्हणायचं का?

समाधान : तुम्ही हरला नाहीत. मामाही हरलेले नाहीत, आणि ही गोष्ट पारावर सांगायला जरा अवघड आहे.

मामांची सगळी वाक्यं एकाच तराजूत घालू नका. कळंबच्या चिंतामणीला तुम्ही गेला असालच. पायऱ्या उतरून खाली गेलं की गणपती आणि कुंड. त्या कुंडातली गंगा दर बारा वर्षांनी वर येते आणि देवाच्या पायांना लागते, अशी श्रद्धा आहे. या एका वाक्यात दोन वाक्यं राहतात. ‘दर बारा वर्षांनी पाणी चढतं’ हे वह्या आणि मोजपट्टी घेऊन तपासता येतं. आठव्या किंवा सतराव्या वर्षी चढलं, तर बाराचा आकडा गेला. त्या सालचा पाऊस आणि विहिरींची पातळी पाहून कारणही शोधता येईल. ‘ते पाणी म्हणजे गंगा’ हे मात्र बाटलीत भरून कुठल्या प्रयोगशाळेत नेलं तरी ठरणार नाही.

तुमच्या जन्माआधीची गोष्ट. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध प्यायला लागला. शहाणीसुरती माणसं चमचा घेऊन रांगेत उभी होती. दूध पृष्ठताणामुळे सोंडेला चिकटतं आणि पातळ थराने अंगावरून खाली ओघळतं, पांढऱ्या दगडावर दिसत नाही इतकंच. सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून ते दाखवलं. खोटं काय पडलं? ‘मूर्ती दूध पिते’ एवढंच. गणपती खोटा पडला नाही, कारण त्याची तिथे परीक्षाच नव्हती. आमच्या काही सुधारक मित्रांनी त्या रंगीत दुधातून नास्तिकपणही गाळून घेतलं. तो त्यांचा उतावीळपणा. पण मार्च २०२२ मध्ये नंदी पाणी पितो म्हणून पुन्हा रांगा लागल्या, तेव्हा १९९५ विसरलेल्यांचं मला जास्त वाईट वाटलं.

आता निराकार देवाकडे वळू. आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, याचा फार बारीक विचार केला आहे. गोठ्यात डोकावलं, बैल दिसला नाही, तर बैल नाही असं खुशाल म्हणावं. कारण असता तर दिसला असता. याला ते योग्यानुपलब्धी म्हणतात : जे दिसण्याजोगं आहे ते न दिसणं. बैलाच्या अंगावरचा जंतू दिसला नाही म्हणून तो नाही, असं मात्र म्हणता येत नाही. त्यांच्यातल्याच उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त हेच ईश्वराला लावलं. तो डोळ्यांना दिसण्याजोगा नाही, तेव्हा दिसत नाही म्हणून तो नाही हे सिद्ध होत नाही. मग सशाच्या शिंगालाही नाही म्हणता येणार नाही, ही शंका त्यांनाही ठाऊक होती. शिंग हे मुळात दिसण्याजोगं, म्हणून त्याला नाही म्हणता येतं, असं त्यांचं उत्तर.

इथे मामा टाळी देतील. देऊ द्या, आणि मग पुढचं सांगा. एवढ्यावर ईश्वर सिद्ध झाला असं उदयन म्हणत नाहीत. ते वेगळी प्रमाणं देतात, कारण खोटं न पडणं म्हणजे खरं ठरणं नव्हे हे त्यांना पक्कं माहीत होतं. उलट बाजूने सांख्यसूत्रांत ईश्वर सिद्ध होत नाही असं म्हटलं आहे; त्यावर भाष्यकार विज्ञानभिक्षू सांगतात की सूत्र ‘असिद्ध’ म्हणतं, ‘नाही’ म्हणत नाही. दोन्ही टोकांच्या माणसांना जे शिस्तीत बोलता आलं, ते आपल्या पारावर का जमू नये?

राहिलं ‘दयाळू’. तुमची खरी जागा इथे आहे. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. सर्वशक्तिमान आणि दयाळू ही दोन्ही विशेषणं एकत्र ठेवली की अशा वर्षी त्यांचा सांधा करकरतो. ही शंका काही नास्तिकांची मक्तेदारी नाही. वेद प्रमाण मानणाऱ्या कुमारिलभट्टांनी ती विचारली. ब्रह्मसूत्रांतही ईश्वरावर वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयपणा, यांचा आरोप मांडून उत्तर दिलं आहे : फळ ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे. फवारणीत गेलेल्याच्या बायकोला हे उत्तर ऐकवण्याची माझी छाती नाही.

मामांना शांतपणे एवढंच विचारा, “काय घडलं तर देव दयाळू नाही असं तुम्ही म्हणाल?” त्यांनी काही सांगितलं, तर तपासायला विधान मिळालं. “काहीही घडलं तरी म्हणणार नाही,” असं म्हणाले, तर ते जगाची बातमी देत नाहीत, स्वतः संकटात कसे उभे राहतात ते सांगताहेत. त्याला खोटं पाडायला जाऊ नका, तो वादाचा विषयच नाही. फक्त त्याच वाक्याच्या जोरावर उद्या त्यांनी कुणाकडे वर्गणी मागितली किंवा कुणाच्या सुनेला विटाळ सांगितला, तर तिथे पुरावा मागायचा हक्क तुमचा. घरात बसलेला देव तपासता येत नाही, पण वसुलीला बाहेर पडला की हिशेब द्यावा लागतो.

आणि हो, तोच प्रश्न स्वतःलाही विचारून पाहा : काय दिसलं तर तुम्ही देव मानाल?

शंका : मीही बोरीचीच. निंदणाला शेतात जाते. शेजारच्या पोराला साप चावला, मांत्रिकाने उतरवला, पोरगं वाचलं. सासूबाई म्हणतात, नागोबावर भरवसा ठेव. वाचलं हे तर खरंच. मी बोलावं की गप्प बसावं?

समाधान : बोला. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. नाग, मण्यार, फुरसं किंवा घोणस, जिला आपण परड म्हणतो, तीही कधी कधी विष न सोडता चावते. म्हणजे मांत्रिक काहीही न करता बहुतेक वेळा जिंकतो. जे गेले त्यांची मोजणी कोण ठेवतं? त्यांचं ‘आयुष्यच सरलं होतं’ म्हणून सुटका होते. हा दावा तपासता येतो, पण कुणाच्या लेकरावर तपासायचा नाही.

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू, कुत्रं चावल्यावर दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं गुन्हा ठरवलं आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. नागोबा आहे की नाही, हे तो कायदा विचारतही नाही. सासूबाईंची नागपंचमी मोडू नका. १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर भिंतीवर नागोबाच्या चित्राखालीच लिहा, म्हणजे पूजा करताना त्यांच्या रोज नजरेस पडेल.