शिधा देताना



भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी आहाराचे तीन प्रकार सांगितले, आणि त्याच अध्यायात दानाचेही तीन प्रकार सांगितले. दोन्ही एकाच ठिकाणी का? माझ्या अल्प मतीस असे वाटते की, अन्नदान करणाराने दोहोंकडे पाहावे. देणाराचा भाव चांगला आणि दिलेले अन्न निकस, तर ते दान निम्मेच झाले.

जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली. तेथील विद्यार्थी माधुकरी मागून शिकले. माधुकरीची रीतच अशी की, घरी शिजले त्यातलेच झोळीत पडावयाचे.

आज कोरडवाहू शेतकऱ्याचे मूल कॉलेजसाठी शहरात येते. खोलीचे भाडे दिले की जेवणाला पैसा उरत नाही. मग चहा-वडापाववर दिवस काढायचा. अशा मुलांना पुष्कळ मंडळी शिधा देतात, ही पांडुरंगाची कृपा. पण पिशवीत काय असते? बिस्किटे, फरसाण, मैद्याच्या शेवयांचे पुडे! विचारले तर म्हणतात, "अहो महाराज, पोरांना तेच आवडतं."

आवडते खरे. सात्त्विक आहाराच्या लक्षणांत भगवंतांनी प्रीतीही सांगितली आहे. पण क्रम पाहा! आधी आयुष्य, मग सत्त्व, बल, आरोग्य, सुख, आणि मग प्रीती.

म्हणून शिध्यात ज्वारीचे पीठ, तांदूळ, डाळ, मटकी, शेंगदाणे घाला. भातात जे उणे ते वरण भरून काढते. मटकी रात्री भिजवावी, सकाळी फडक्यात बांधावी. मोड आले की शिजवून वर लिंबू पिळावे, म्हणजे तिच्यातले लोह अंगी लागते. मात्र, "बाळा, खोलीवर शेगडी आहे का रे?" एवढे आधी विचारा. नसेल तर त्याला कच्ची डाळ काय कामाची? त्याला भाजके चणे, गूळ-शेंगदाणे, केळी द्या.

आणि भुकेल्यासमोर उपदेश नको. चांगले ते पुढे मांडा, शिजवायची रीत सांगा, निवड त्याला करू द्या. एखाद्याने बिस्किटाचा पुडा उचलला तर डोळे वटारू नका. लाजलेले पोर पुन्हा दारी येत नाही, आणि उपाशी राहते.

मंगळवेढ्यास दामाजीपंतांनी दुष्काळात कोठार उघडले, ही कथा आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. त्यांनी कोठारातले धान्य दिले. कोठारातला केर नव्हे. आपल्या घरच्या लेकराला जे वाढाल, तेच त्या पिशवीत घाला. घेणारा विठ्ठलच आहे.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!