अंगावरून वारे गेलेल्यांसाठी व त्यांची सेवा करणाऱ्यांसाठी

पक्षाघाताला मराठी माणूस ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणतो. कोणी त्यास अर्धांगवायू म्हणतात, कोणी लकवा. चरकसंहितेत वातव्याधींच्या प्रकरणात ‘पक्षवध’ या नावाने त्याचा निर्देश आहे. नावे वेगळी असली तरी बहुतेकांच्या मुळाशी वायूचीच कल्पना आहे, आणि श्रीमारुतीराय तर साक्षात वायुपुत्र! म्हणूनच या व्याधीने पीडित झालेल्यांना घेऊन त्यांचे आप्तस्वकीय पिढ्यान्‌पिढ्या मारुतीच्या पायाशी येत आले आहेत. शनिवारी तेल वाहावे, रुईच्या पानांची माळ घालावी आणि पायावरचा शेंदूर आजाऱ्याच्या कपाळी लावावा, ही श्रद्धा येथे येणाऱ्या भाविकांच्या अंगवळणी पडलेली आहे. त्या श्रद्धेचा पूर्ण मान राखूनच पुढील चार शब्द लिहिले आहेत.

प्रथम रामकथेतील एक प्रसंग स्मरावा. युद्धभूमीवर लक्ष्मण मूर्च्छित होऊन पडला, तेव्हा प्रत्यक्ष प्रभू रामचंद्रांनी काय केले? ते स्वतः परब्रह्म असूनही त्यांनी वैद्य सुषेणास पाचारण केले. सुषेणाने सांगितलेली वनौषधी सूर्योदयापूर्वी आणावयाची होती, अशी कथा लोकमानसात रूढ आहे. हनुमंत द्रोणागिरीवर पोहोचले. कोणती वनस्पती खरी, हे ओळखण्यात वेळ न घालवता त्यांनी पर्वतच उचलून आणला. कीर्तनकार या प्रसंगी हनुमंतांचे बळ वर्णन करतात आणि ते योग्यच आहे; परंतु त्या बळाइतकीच त्यांची घाई पाहण्यासारखी आहे. वेळ गेली तर औषध व्यर्थ, हे त्यांना ठाऊक होते.

पक्षाघाताचे नेमके असेच आहे. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते किंवा मेंदूतील वाहिनी फुटून रक्तस्राव होतो आणि त्या भागातील पेशी मिनिटामिनिटाने मृत होऊ लागतात. गुठळी विरघळविण्याचे इंजेक्शन सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. ते द्यावे की देऊ नये, हे मेंदूचे स्कॅन केल्यावरच ठरते, कारण रक्तस्राव असेल तर तेच औषध घातक ठरते. तोंड एका बाजूस वाकडे झाले, एक हात वर धरता येईना किंवा जीभ जड होऊन बोलणे अडखळू लागले, तर त्याच क्षणी 108 क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. लक्षणे कितीला सुरू झाली, ती वेळ लक्षात ठेवावी. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. अशा वेळी आजाऱ्यास प्रथम देवळात आणू नये. अंगारा, उतारा, गावठी इंजेक्शन, ‘सकाळपर्यंत वाट पाहू’ या कशातही वेळ दवडू नये. नवस घरूनही बोलता येतो आणि तो फेडावयास मागाहून यावे. श्रींना घाई नाही.

अनेक कुटुंबे आणखी एक शल्य मनात घेऊन येतात. हे कोणत्या पापाचे फळ, कोणाची दृष्ट, कोणता दोष, असे ती विचारतात. पक्षाघाताची प्रमुख कारणे सर्वज्ञात आहेत : उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू व धूम्रपान, अति मद्यपान, हृदयाची अनियमित गती. रक्तदाबाची गोळी ‘आता बरे वाटते’ म्हणून परस्पर बंद करणे हे तर घरोघरी आढळते. लक्ष्मणाला शक्ती लागली ती त्याच्या कोणत्या पापामुळे, असे रामायणात कोणी विचारलेले नाही. आजाऱ्यासमोर अशी चर्चा करणाऱ्या नातलगांना घरातील वडीलधाऱ्यांनी स्पष्टपणे थांबवावे.

प्राणावरचे संकट टळते, रुग्णालयातून घरी पाठवतात आणि खरी परीक्षा तेथून सुरू होते. येथे किष्किंधाकांडातील समुद्रतीर डोळ्यांसमोर आणावे. सीतामाईचा शोध लागला होता, पण मध्ये शंभर योजने सागर. प्रत्येक वानरवीर आपण किती योजने उडी घेऊ शकतो ते सांगत होता. अंगद म्हणाला, जाईन, पण परत येण्याची खात्री नाही. हनुमंत मात्र एका बाजूस गप्प बसलेले. ऋषींच्या शापामुळे त्यांना स्वतःच्या सामर्थ्याचे विस्मरण झाले होते आणि कोणी आठवण करून दिल्यावाचून ते परतणार नव्हते. तेव्हा वृद्ध जांबवंत त्यांच्यापाशी गेले व त्यांना त्यांचा जन्म, त्यांचे बालपण, त्यांचे बळ एकेक करून सांगू लागले.

पक्षाघात झालेल्याचा हात वा पाय बहुधा मुळात निकामी झालेला नसतो. हाडे, स्नायू, सांधे जागच्या जागी असतात. त्यांना आज्ञा देणारा मेंदूचा भाग दुखावलेला असतो. मेंदूची एक अद्भुत शक्ती अशी की, एखादा भाग गेला तरी शेजारचे वा दुसरीकडचे भाग सरावाने त्याचे काम थोडेबहुत शिकून घेतात. हे शिकणे एकदोनदा हात हलवून होत नाही. तीच हालचाल पुनःपुन्हा, दररोज, शेकडो वेळा करावी लागते. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, म्हणून त्या काळात फिजिओथेरपीचा कंटाळा करू नये. त्यानंतर वेग मंदावतो, पण सुधारणा थांबत नाही. ‘सहा महिने झाले, आता काही होणार नाही’ हे वाक्य कित्येक घरांत शापासारखे उच्चारले जाते, आणि ते खरे नाही. चंचल मन आवरण्यासाठी भगवंतांनी गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाला जी दोन साधने सांगितली, त्यांतील पहिले अभ्यास हेच आहे.

जांबवंतांनी जे केले नाही, तेही लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांनी हनुमंतांच्या वतीने उडी घेतली नाही. सेवा करणाऱ्यांची बहुतेक चूक येथेच होते आणि ती प्रेमापोटी होते. सदऱ्याची गुंडी लावावयास वडिलांना वीस मिनिटे लागतात, म्हणून मुलगा ती चटकन लावून देतो. घास भरवला जातो, विंचरून दिले जाते, आणि त्या हाताला शिकण्याची संधीच उरत नाही. पडण्याचा धोका असेल तेथे आधार अवश्य द्यावा. एरवी जवळ बसून वाट पाहावी. हे वाट पाहणे भरवण्यापेक्षा अवघड आहे. जपमाळेचे मणी दुबळ्या हाताच्या बोटांनी ओढू द्यावेत. माळ पूर्ण न झाली तरी चालेल. तो व्यायामही आहे व जपही.

वाणीच्या बाबतीत या आजारात एक आश्चर्य घडते. ज्यांची वाचा गेली आहे, स्वतःच्या मुलाचे नाव ज्यांना सुचत नाही, अशा काहींच्या मुखातून आरती सुरू होताच आरतीचे शब्द स्पष्ट उमटतात. लहानपणी पाठ केलेले मारुतिस्तोत्र, रामरक्षा, एक ते दहा अंक, वारांची नावे अशी सहज येऊन जातात. याचे कारण वैद्यकास माहीत आहे. शब्द जुळवून नवे वाक्य बोलणे हे बहुतेकांच्या बाबतीत मेंदूच्या डाव्या अर्धगोलाचे काम. सूर, ताल आणि पाठांतर यांचा वावर त्याबाहेरही असतो. म्हणून भजनाच्या वेळी आजाऱ्यास आत निजवून ठेवू नये, मध्ये बसवावे. मात्र त्यावरून ‘आरती म्हणता येते, मग बोलत का नाही? मुद्दाम करतात’ असा निष्कर्ष काढणे हा घोर अन्याय होय. वाचोपचारतज्ज्ञांकडे जाणेही थांबवू नये. आणखी असे की, ज्याला बोलता येत नाही त्याला पुष्कळदा सारे समजत असते. त्याच्या उशाशी बसून खर्चाचे हिशेब आणि वाटणीच्या गोष्टी करणाऱ्यांनी एवढे ध्यानी ठेवावे.

उजवी बाजू गेलेल्या भाविकांना देवासमोर एक संकोच वाटतो. तीर्थप्रसाद डाव्या हाताने कसा घ्यावा, फूल डाव्या हाताने कसे वाहावे? त्यांनी हा संकोच मनातून काढून टाकावा. जो हात उरला आहे तोच त्यांचा उजवा हात. प्रदक्षिणा चालून घालता येत नसेल तर बसल्या जागी मनाने घालावी. मानसपूजेला आपल्या परंपरेत कधीही कमी लेखलेले नाही. तीर्थाविषयी मात्र सावधगिरी हवी. पक्षाघातानंतर अनेकांना गिळताना त्रास होतो आणि पातळ पाणी हेच सर्वांत सहज श्वासनलिकेत जाते. जेवताना ठसका लागत असेल वा आवाज घोगरा, ओलसर होत असेल, तर तीर्थ ओठांस लावावे, मस्तकी लावावे, पाजू नये. खोबरे, फुटाणे असा कोरडा प्रसादही मुखात घालू नये. तसेच तेलाने मालीश करताना हात हलका ठेवावा, दुबळा हात धरून आजाऱ्यास ओढून उठवू नये (खांदा निखळतो), आणि संवेदना गेलेल्या अंगास गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नये. चटका बसलेला त्यास कळतही नाही. उपवासासाठी गोळ्या बंद करणे हे तर कोणत्याही व्रतात सांगितलेले नाही.

केरळात गुरुवायूर हे प्रसिद्ध क्षेत्र आहे. देवगुरू आणि वायू यांनी मिळून तेथील मूर्तीची स्थापना केली, म्हणून ते नाव पडले असे मानतात. सोळाव्या शतकात मेलपत्तूर नारायण भट्टतिरी हे विद्वान वातव्याधीने जर्जर होऊन तेथे गेले. रोज दहा-अकरा श्लोकांचे एक दशक रचावयाचे व शेवटी आपल्या व्याधीचे निवारण मागावयाचे, असा त्यांनी नेम धरला. शंभर दिवसांत शंभर दशके झाली. तेच ‘नारायणीयम्’ हे स्तोत्रकाव्य होय. शंभराव्या दिवशी ते व्याधिमुक्त झाले अशी श्रद्धा आहे. सर्वांनाच शंभराव्या दिवशी असा आराम पडत नाही, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. फ्रान्समधील थोर शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांना 1868 मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, डाव्या अंगाचा पक्षाघात झाला. तो दोष पुढे कधीही पूर्ण गेला नाही. पिसाळलेला कुत्रा चावलेल्या मुलास त्यांनी रेबीजची लस दिली ती 1885 मध्ये, म्हणजे त्यानंतर सतरा वर्षांनी. त्या काळात त्यांच्या पत्नी मारी त्यांच्या तोंडून ऐकून लेखनिकाचे काम करीत. आपल्याकडे पत्नीला अर्धांगी म्हणतात. अर्धे अंग गेल्यावर त्या शब्दाचा अर्थ अनेक घरांना प्रथमच कळतो.

या आजारात सुमारे एकतृतीयांश रुग्णांना खिन्नतेचा विकार जडतो. जेवण नको, व्यायाम नको, कोणी भेटावयास नको. कित्येकदा विनाकारण रडू वा हसू येते व ते आवरत नाही. हा श्रद्धेचा अभाव नव्हे, आळसही नव्हे. त्यावर औषधे आहेत आणि ती डॉक्टरांकडे मागण्यात कमीपणा नाही.

आता सेवा करणाऱ्यांविषयी. ‘दोन वर्षे देवाला येणे झाले नाही, घरची पूजाही राहते’ असे अपराधी मनाने सांगणाऱ्या सुना, मुली, पत्नी येथे नेहमी भेटतात. त्यांनी भक्त पुंडलिकाचे स्मरण करावे. मातापित्यांची सेवा चालू असताना भगवंत दारी आले. पुंडलिक उठला नाही. त्याने वीट भिरकावली व तीवर थांबावयास सांगितले. भगवंतांनी राग मानला नाही, ते थांबले, आणि पंढरपुरी कटेवर कर ठेवून अद्याप उभे आहेत. कूस बदलणे, अंथरूण पालटणे, मलमूत्र काढणे हे ज्याच्या वाट्याला आले आहे, त्याची पूजा राहिलेली नाही.

मात्र पुंडलिकाचे नाव घेऊन सारा भार एकाच व्यक्तीवर टाकणे, हा त्या कथेचा दुरुपयोग आहे. बहुतेक घरांत ती व्यक्ती स्त्री असते. तिची पाठ दुखते, झोप तुटते, तिचा स्वतःचा रक्तदाब कोणी मोजत नाही. इतर भावंडांनी महिन्यातून ठरलेले दिवस वाटून घ्यावेत. पैसे पाठवून ही जबाबदारी पूर्ण होत नाही. भेटीस येणाऱ्यांनी अर्धा डझन केळी आणि अमक्या गावच्या औषधाचा पत्ता देण्याऐवजी आजाऱ्यापाशी दोन तास बसावे, म्हणजे त्या माउलीला झोप तरी मिळेल.

देणगीदार भाविकांनाही एक विनंती आहे. अन्नदान, अभिषेक यांबरोबरच आपल्या गावातील एखाद्या गरीब रुग्णाच्या फिजिओथेरपीचा काही महिन्यांचा खर्च श्रींच्या नावे उचलावा. त्याची पावती संस्थानकडून घेण्याची आवश्यकता नाही. आणि ज्यांच्या माळ्यावर चाकांची खुर्ची, वॉकर, चारपायी काठी वा कमोडची खुर्ची धूळ खात पडली आहे, त्यांनी ती पुसून, चाकांना तेल घालून, गरज असलेल्या घरी पोहोचती करावी. असे घर कोणते, हे जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारल्यास समजते.