लोकमत कोण घडवितो?



निवडणूक जवळ आली की आपल्या वस्तीत, चहाच्या टपरीवर, एस.टी.च्या थांब्यावर एकच प्रश्न ऐकू येतो : "यंदा हवा कोणाची?" उमेदवार कसा आहे, मागच्या पाच वर्षांत त्याने काय केले, आपल्या मुलांच्या शिष्यवृत्तीबद्दल त्याचा पक्ष काय म्हणतो, हे फारसे कोणी विचारीत नाही. हवा कोणाची एवढे कळले की आपलेही ठरते. निकाल लागला की दुसऱ्या दिवशी छापून येते, लोकमताने कौल दिला. पण हवेला लोकमत म्हणता येईल काय? हा प्रश्न केवळ राजकारणाचा नाही. जो माणूस नुकताच धम्माच्या मार्गावर आला आहे, त्याच्या दृष्टीने तो शीलाचा प्रश्न आहे.

मी शाळामास्तर आहे. एकदा वर्गप्रतिनिधी निवडायचा होता. मी मुलांना हात वर करायला सांगितले. पहिल्या बाकावरचे दोन-तीन हात वर गेले. मागची मुले क्षणभर इकडेतिकडे पाहू लागली आणि बघता बघता सारा वर्ग हात वर करून बसला. दुसऱ्या दिवशी त्याच मुलांना मी चिठ्ठीवर नाव लिहायला लावले, तेव्हा निराळाच मुलगा निवडून आला. मुले तीच, वर्ग तोच. पहिल्या दिवशी मी जे मोजले ते मत नव्हते, शेजाऱ्याचा हात पाहून वर गेलेला हात होता. मोठ्या माणसांचे याहून वेगळे असते असे तुम्हाला वाटते काय?

आता आपल्या नाशिककडेच पाहू. २ मार्च १९३० रोजी पूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली पंचवटीतील काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड त्याचे मुख्य आधारस्तंभ होते. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले. ९ एप्रिलला रथ ओढण्यावरून आमच्या माणसांवर दगडफेक झाली. आमच्या आयाबहिणींनीही तुरुंगवास पत्करला. बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी विलायतेला गेले, तेव्हा दादासाहेबांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लढा चालू ठेवला. सुमारे पाच वर्षे हे चालले. दरवाजा उघडला नाही.

याच काळात एक मोठी हवा येऊन गेली. सप्टेंबर १९३२ मध्ये गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभिले. साऱ्या देशाचे डोळे तिकडे लागले. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. दुसऱ्याच दिवशी मुंबईत पंडित मदनमोहन मालवीय यांच्या अध्यक्षतेखाली हिंदू पुढाऱ्यांची परिषद भरली. यापुढे जन्मावरून कोणालाही अस्पृश्य मानले जाणार नाही, असा तिने ठराव केला. ठिकठिकाणी मंदिरे आणि विहिरी खुल्या झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. त्या आठवड्याची वर्तमानपत्रे वाचून एखाद्या परक्याला वाटले असते की हिंदुस्थानचे लोकमत बदलले. पण काळारामाचा दरवाजा? तो बंदच होता. दयेने आणि भीतीने उठलेली लाट आठ-पंधरा दिवसांत ओसरते. दाराची कडी काढायला लागते ते मनाचे परिवर्तन असते, आणि ते ठरावाने होत नाही.

महाडची गोष्टही अशीच आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ मध्ये मंजूर केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये आपले तळेही कागदोपत्री खुले केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याची ओंजळ तोंडाला लावेपर्यंत अस्पृश्याने तेथले पाणी घेतले नाही. घेतले तेव्हा डोकी फुटली. पुढे त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. कायदा आमच्या बाजूने होता, लोकमत नव्हते. लोकमत पाठीशी नसलेला कायदा कागदावरच राहतो, हा धडा आमच्या बापजाद्यांनी स्वतःच्या रक्ताने लिहून ठेवला आहे.

मग काळारामाचा लढा वाया गेला काय? मुळीच नाही. बाबासाहेबांनी ३ मार्च १९३४ रोजी दादासाहेबांना लिहिलेल्या पत्रात स्पष्ट केले आहे की, आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून हा सत्याग्रह मी केला नाही. त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, म्हणून केला. नीट विचार करा. पाच वर्षांत सवर्णांचे मत बदलले नाही. बदलले ते आमचे मत. देवाच्या दारात बसून बसून आम्हाला उमगले की या दाराच्या आत आपले काही नाही. म्हणून १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा ती ऐकणारा समाज ती समजू शकला.

आणि पुढे काय झाले? बाबासाहेबांचा शब्द म्हणजे आम्हाला आज्ञा होती. त्यांनी मनात आणले असते तर दुसऱ्या दिवशी हजारो माणसे त्यांच्यामागून कोठेही गेली असती. पण त्यांनी घाई केली नाही. मे १९३६ मध्ये मुंबईला परिषद बोलावून धर्मांतर कशासाठी, त्याने काय मिळेल, काय मिळणार नाही, हे त्यांनी मुद्देसूद मांडले. स्वतःच स्वतःचा दीप व्हा, या तथागतांच्या उपदेशाची त्यांनी आठवण दिली. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' यांनी आधीच जमीन नांगरली होती. 'जनता'मधून चर्चा चालू राहिली. आंबेडकरी जलसे खेड्यापाड्यांत गेले. ज्याला वाचता येत नव्हते त्याला दुसऱ्याने वाचून दाखविले. घराघरांत वाद झाले, सासू-सुनांत झाले, बाप-लेकांत झाले. येवल्यापासून नागपूरच्या १४ ऑक्टोबर १९५६ पर्यंत २१ वर्षे गेली. लोकमत घडते ते असे. हवा एका सभेत तयार होते, लोकमताला पिढी द्यावी लागते.

आजही ज्या कुटुंबाने देव्हाऱ्यातले देव उतरविले, त्याला हे सांगावे लागत नाही. "लोक काय म्हणतील?" या एका वाक्याला तुम्ही तोंड दिले आहे. गाव, भावकी, सोयरे एका बाजूला आणि तुमचा विवेक दुसऱ्या बाजूला, असा प्रसंग तुमच्यावर आलेला आहे. तेव्हा तुम्ही हवेविरुद्ध उभे राहिलात. मग मतदानाच्या दिवशी तोच विवेक घरी ठेवून का जाता?

तथागतांपुढे हाच प्रश्न कोसल देशातील केसपुत्त गावच्या कालामांनी मांडला होता. आमच्या गावी नाना आचार्य येतात, जो तो आपलेच मत थोर म्हणतो आणि दुसऱ्याचे तुच्छ ठरवितो, आम्ही खरे कोणाचे मानावे? प्रचारसभा ऐकून आलेला माणूस याहून वेगळे काय विचारतो? तथागतांनी त्यांना एखाद्या आचार्याचे नाव सांगितले नाही. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू म्हणतो म्हणून काही स्वीकारू नका, असे सांगितले. जे लोभातून, द्वेषातून, मोहातून येते त्याने अहित होते, हे स्वतः पारखून घ्या, असे सांगितले.

ही तीन मापे आपण आपल्या मताला लावून पाहू. पाकीट किंवा साडी घेऊन दिलेले मत लोभातून आलेले असते. अमुक जातीला, अमुक धर्माला धडा शिकवायचा म्हणून दिलेले मत द्वेषातून आलेले असते. आणि पुढारी बोलला म्हणजे झाले, किंवा मोबाईलवर दहा जणांनी पाठविले म्हणजे खरेच असणार, म्हणून दिलेले मत मोहातून आलेले असते. राजकारणातील भक्ती हा अधोगतीचा आणि अखेरीस हुकूमशाहीचा मार्ग आहे, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. आपल्या स्वतःच्या पुढाऱ्यांना तो लागू होत नाही, असे त्यांनी म्हटलेले नाही.

त्याच भाषणात त्यांनी आणखी एक आठवण करून दिली. संसदेचे नियम भारताला नवे नाहीत. प्रस्ताव मांडणे, गणपूर्ती, शलाका घेऊन गुप्त मतदान हे सारे भिक्खू संघात होते. संघात महत्त्वाचा प्रस्ताव एकदा मांडून तीन वेळा पुकारला जाई. ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे, असे विचारले जाई. तिन्ही वेळा कोणी बोलले नाही, तरच मौन ही संमती समजली जाई.

येथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका निवडणुकीच्या आधी आमच्या वस्तीची बैठक झाली. चार-पाच माणसांनी आधीच ठरविले होते. एकाने उठून नाव जाहीर केले आणि "समाजाचे मत एक आहे" असे सांगितले. मागे बसलेल्या एका वयस्क बाई उभ्या राहिल्या. "आमच्या गटाराचं आणि पाण्याचं त्याला कोणी विचारलं का?" एवढेच त्या म्हणाल्या. "तुम्ही बसा बाई, हे राजकारण आहे," असे त्यांना सांगण्यात आले. त्या बसल्या. बैठकीत एकमताने ठरले असे बाहेर सांगितले गेले. मी तेथे होतो. माझ्या घरातला मी पहिला पदवीधर, वस्ती मला गुरुजी म्हणते, संघाचे नियम मला पाठ. मी तोंड उघडले नाही. तीन वेळा सोडा, त्या बैठकीत एकदाही कोणाला विचारले गेले नव्हते. माझे मौन त्या दिवशी संमती म्हणून मोजले गेले. गटार अजून तसेच आहे, आणि त्याचा काही दोष माझ्याकडे येतो.

बाबासाहेबांनी २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यात वकिलांपुढे लोकशाही यशस्वी होण्याच्या अटी सांगितल्या. त्यांतली एक अट लोकांच्या सदसद्विवेकबुद्धीची होती. अन्याय कोणावरही होवो, तो आपल्यावर झाला नसला तरी आपण त्याविरुद्ध उठले पाहिजे, असा तिचा अर्थ. लोकमताची खरी कसोटी हीच आहे. आमच्यावर अन्याय झाला की आम्ही मोर्चा काढतो, आणि काढलाच पाहिजे. पण शेजारच्या पाड्यावरच्या आदिवासीची जमीन गेली, मातंग बांधवाला मारहाण झाली, आपल्याच घरातल्या मुलीचे शिक्षण थांबविले, तेव्हा आम्ही काय करतो? आम्ही गप्प बसलो, तर काळारामासमोर जे नाशिककर घराच्या खिडकीतून नुसते पाहत राहिले असतील, त्यांच्यात आणि आमच्यात फरक काय उरला?

विधिमंडळाचे मत आणि गावाचे मत यांत किती अंतर असू शकते, हे मराठवाड्याने दाखविले. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव दोन्ही सभागृहांनी मंजूर केला. लगेच खेड्यापाड्यांत आमची घरे जळाली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंत सुमारे साडेपंधरा वर्षे लागली. बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळण्यास १९५६ पासून १९९० साल उजाडावे लागले. दादासाहेब गायकवाडांनी १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह उभारला. त्यात लाखो माणसे तुरुंगात गेली, आणि जमिनीच्या मागणीबरोबर या सवलतींची मागणीही होती. ही सारी कामे हवेवर झाली नाहीत. हवा कितीदा तरी आली आणि गेली. टिकून राहिलेल्या माणसांनी ती केली.

तेव्हा करायचे काय? मोठी गोष्ट सांगत नाही. रविवारी विहारात वंदना झाली की अर्धा तास बसा. एकाने वर्तमानपत्रातील वस्तीच्या कामाची एक बातमी वाचावी. आधी स्त्रियांनी आणि तरुणांनी बोलावे, वडीलधाऱ्यांनी शेवटी. काही ठरवायचे असेल तर तीन वेळा विचारावे. न विचारता "समाजाचे मत" हा शब्द कोणी वापरू नये. जो विरुद्ध बोलेल त्याला फितूर म्हणू नये. आणि मत गुप्त आहे, ते नवऱ्याचे, मुलाचे, पुढाऱ्याचे नाही, हे घरातल्या प्रत्येक बाईला सांगावे.

आपल्या त्रिरश्मी लेण्यांवर तुम्ही मुलांना घेऊन जात असाल. तेथील चैत्यगृहाच्या, म्हणजे १८ क्रमांकाच्या लेण्याच्या दर्शनी भागावर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक छोटा लेख आहे. नाशिककरांच्या धंभिक गावाने हे दान दिले, असे तो सांगतो. तेथे राजाचे नाव नाही, साऱ्या गावाचे आहे. गावाने दान दिले त्याअर्थी गाव कधीतरी एकत्र बसले असेल, कोणी किती द्यायचे यावर बोलले असेल, भांडलेही असेल. पुढच्या वेळी मुलांना तो लेख दाखवा, आणि आपली वस्ती शेवटची अशी कधी बसली होती, ते घरी येताना स्वतःला विचारा.

पुढच्या बैठकीत ती बाई पुन्हा उभी राहिली, तर मी तिच्या शेजारी उभा राहीन, असे मी ठरविले आहे. तुम्हीही ठरवा.

जयभीम! नमो बुद्धाय!