मोहरीचा दाणा आणि शिकवणाऱ्याचे स्वातंत्र्य



ब वर्षातील सामान्य काळाच्या अकराव्या रविवारी आपण मिस्सामध्ये मार्कच्या शुभवर्तमानातील मोहरीच्या दाण्याचा दाखला ऐकतो. पृथ्वीवरील सर्व बियांमध्ये लहान असलेला हा दाणा पेरल्यावर मोठा होतो आणि त्याच्या सावलीला पाखरे येऊन राहतात, असे प्रभू येशू सांगतो. त्या रविवारी मिस्सा झाल्यावर धर्मशिक्षणाच्या वर्गात मी हाच दाखला मुलांना समजावून देत होतो. सातवीतला एक मुलगा उठला. त्याने खिशातून कागदाची पुडी काढली आणि टेबलावर उलटी केली. पुडीत मोहरीचे चार दाणे होते आणि शेजारी माठाच्या भाजीचे चिमूटभर बी. तो म्हणाला, "सर, मोहरी लहान नाही. माठाचं बी तिच्याहून बारीक आहे. मग बायबलमध्ये चूक आहे का?"

मुले हसली. मला राग आला. "पवित्र शास्त्राची परीक्षा घेऊ नये, खाली बस," असे म्हणून मी पुढे शिकवू लागलो. पुढचे दोन रविवार तो वर्गाला आला नाही. त्याच्या आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, "सर, येतच नाही म्हणते तो."

या दोन रविवारांनी मला जो विचार करायला लावला तो आज आपल्यापुढे मांडतो.

मुलाचे म्हणणे खरे होते. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा बी ओळखतो. माठाचे, राजगिऱ्याचे बी मोहरीपेक्षा बारीक असते हे आपल्या घरातील कोणतीही आई सांगेल. मग प्रभू चुकला का? नाही. लहान वस्तू सांगायची असली की त्या काळचे यहुदी लोक मोहरीचे नाव घेत, जसे आपण 'राईचा पर्वत' म्हणतो. प्रभू वनस्पतिशास्त्राचा पाठ देत नव्हता. तो शेतकऱ्यांशी शेतकऱ्यांच्या बोलीत देवराज्याविषयी बोलत होता. जे सांगायचे होते ते त्याने अचूक सांगितले.

इतके सोपे उत्तर मला त्या दिवशी का सुचले नाही? कारण मी घाबरलो. एक दाणा सैल झाला तर सगळे पोतेच सांडेल, असे मला वाटले. आणि ही भीती माझ्या एकट्याची नाही. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या भीतीने मोठमोठ्या सेमिनऱ्या हादरल्या आहेत, विद्वानांच्या नोकऱ्या गेल्या आहेत, मित्र दुरावले आहेत.

योगायोग असा की अमेरिकेतील एका प्रसिद्ध इव्हांजेलिकल सेमिनरीत हा वाद याच मोहरीच्या दाण्यापर्यंत येऊन पोचला होता. कॅलिफोर्नियातील फुलर सेमिनरी १९४७ साली सुरू झाली. १९६२ च्या डिसेंबरमध्ये तेथील प्राध्यापकांच्या बैठकीत बायबल प्रत्येक बाबतीत, म्हणजे इतिहास आणि विज्ञानाच्या तपशिलातही, निर्दोष आहे का यावर एवढी तेढ झाली की तो दिवस 'काळा शनिवार' म्हणून ओळखला जातो. संस्थापकांचे पुत्र डॅनियल फुलर यांनी पुढे मोहरीचेच उदाहरण घेऊन सांगितले की देवाने ऐकणाऱ्यांच्या समजुतीला धरून बोलणे यात खोटेपणा नाही. हॅरॉल्ड लिंडसेल हे त्याच सेमिनरीतले प्राध्यापक. त्यांना हे मान्य नव्हते. ते १९६४ मध्ये बाहेर पडले आणि १९७६ मध्ये 'बॅटल फॉर द बायबल' हे गाजलेले पुस्तक लिहून त्यांनी जुन्या सहकाऱ्यांवर टीका केली. सेंट लुईस येथील लुथरन पंथाच्या कॉन्कॉर्डिया सेमिनरीत १९७४ साली प्राचार्यांना निलंबित करण्यात आले, तेव्हा बहुसंख्य प्राध्यापक आणि विद्यार्थी संस्था सोडून बाहेर पडले.

आपण कॅथलिक आहोत, हे भांडण शेजाऱ्यांचे आहे, असे म्हणून हात झटकता येतील का? आपल्याही घरात हे घडले आहे. फादर लाग्रांज या डॉमिनिकन धर्मगुरूंनी १८९० साली जेरुसलेममध्ये बायबलच्या अभ्यासाची शाळा काढली. बायबलमधील पुस्तके कोणी, केव्हा, कशा पद्धतीने लिहिली हे शास्त्रीय रीतीने पाहावे, त्याने श्रद्धेला धोका नाही, असे ते शिकवीत. त्यांच्यावर संशय घेण्यात आला. उत्पत्तीच्या पुस्तकावरील त्यांचे भाष्य प्रसिद्ध करण्याची परवानगी मिळाली नाही. १९१२ मध्ये त्यांना काही काळ जेरुसलेम सोडावे लागले. त्यांनी बंड केले नाही आणि अभ्यासही सोडला नाही. १९३८ साली ते वारले. त्यानंतर पाच वर्षांनी, १९४३ मध्ये, पोप पायस बारावे यांनी एका विश्वपत्राद्वारे कॅथलिक अभ्यासकांना मूळ भाषा, लेखनाचे प्रकार आणि प्राचीन काळाच्या चालीरीती यांचा मोकळेपणाने अभ्यास करण्यास सांगितले. म्हणजे लाग्रांज ज्या वाटेवर अडवले गेले तीच वाट ख्रिस्तसभेने पुढे मोकळी केली. तरीही १९६२ मध्ये, दुसरी व्हॅटिकन परिषद भरत असतानाच, रोममधील बायबल संस्थेतील दोन नामवंत प्राध्यापकांना शिकवण्यापासून दूर ठेवण्यात आले. १९६४ मध्ये त्यांना परत वर्गात जाता आले.

१८ नोव्हेंबर १९६५ रोजी परिषदेने देवाच्या प्रकटीकरणाविषयीचा दस्तऐवज मंजूर केला. त्यात दोन गोष्टी स्पष्ट केल्या आहेत. पहिली, पवित्र शास्त्राचा कर्ता देव आहे, पण त्याने ज्यांच्या हातून ते लिहविले तेही खरेखुरे लेखक होते. त्यांची भाषा, त्यांचा काळ, त्यांचा स्वभाव देवाने पुसून टाकला नाही. दुसरी, आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य शास्त्रात असावेसे वाटले ते शास्त्र निश्चितपणे व निर्दोषपणे शिकवते.

आता आपल्या गावाकडे पाहू. वाशिमकरांना नाझरीन मिशन नवीन नाही. १९३८ साली सुरू झालेल्या रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालयात आणि डॉ. ऑर्फा स्पायकर यांच्या हाताखाली या भागातील कितीतरी पिढ्यांनी उपचार घेतले. या आपल्या नाझरीन बांधवांच्या श्रद्धाकलमात बायबलविषयी काय म्हटले आहे हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. १९२८ साली त्यांनी ठरवलेल्या शब्दांचा आशय असा आहे : आपल्या तारणासाठी आवश्यक अशा सर्व बाबतींत शास्त्र देवाची इच्छा निर्दोषपणे प्रकट करते. ही तारणाची मर्यादा काढून टाकून बायबल प्रत्येक तपशिलात निर्दोष आहे असे लिहावे, अशी मागणी त्यांच्यातून पुढे आली होती. २०१३ च्या महासभेपुढे अभ्यास समितीने मूळ शब्दरचनाच राखण्याची शिफारस केली. आपल्या परिषदेचे १९६५ चे म्हणणे आणि शेजाऱ्याचे १९२८ चे म्हणणे किती जवळ आहे पाहा. एकाच गावात राहून आपण हे एकमेकांना कधी विचारले नाही.

शेजारच्या यवतमाळचीही या विषयात जागा आहे. तेथे १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली. देशातील इव्हांजेलिकल धर्मशिक्षणाचे ते मोठे केंद्र झाले आणि १९८३ मध्ये पुण्याला गेले. पुण्यात आपली पेपल सेमिनरी आहे. पोप लिओ तेरावे यांनी ती १८९३ साली कँडी येथे स्थापन केली आणि १९५५ मध्ये ती पुण्याला आली. त्याच पोपमहोदयांनी त्याच १८९३ साली बायबलच्या अभ्यासावरील विश्वपत्रही काढले होते.

पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठात फादर जॉर्ज सोरेस-प्रभू हे येशूसंघीय धर्मगुरू नवा करार शिकवीत. मत्तयाच्या पहिल्या दोन अध्यायांत 'संदेष्ट्याचे वचन पूर्ण झाले' अशी जी वाक्ये वारंवार येतात, त्यांचा त्यांनी सखोल अभ्यास केला आणि १९७६ मध्ये तो रोमहून प्रसिद्ध झाला. मत्तयाने जुन्या करारातील वचने कशी निवडली, कशी गुंफली, हे त्यांनी दाखवले. १९९५ साली मृत्यू येईपर्यंत ते शिकवत राहिले. आता दुसरीकडे पाहा. अमेरिकेतील रॉबर्ट गंड्री हे इव्हांजेलिकल विद्वान. मत्तयाने बाळ येशूच्या कथा यहुदी भाष्यकारांच्या पद्धतीने सजवून सांगितल्या असाव्यात, असे त्यांनी १९८२ च्या आपल्या भाष्यात लिहिले. बायबल निर्दोष आहे या विधानावर त्यांची सही होती आणि ते ती मनापासून मानत होते. तरीही १९८३ मध्ये त्यांच्या विद्वत्संस्थेने ११६ विरुद्ध ४१ मतांनी त्यांना राजीनामा द्यायला सांगितले. दोघांची मते एकच नव्हती, पण दोघांनी उघडलेली पाने तीच होती. एकाला वर्ग मिळाला, दुसऱ्याला दार दाखवले गेले.

मग बरोबर कोण? झटपट निकाल देण्याआधी समोरच्या माणसाची बाजू ऐकली पाहिजे. ज्यांनी पोप आणि परंपरेचा अधिकार मानला नाही त्यांच्या घराचा सगळा भार त्या एका ग्रंथावर आहे. त्या खांबाला कोणी हात लावला की ते दचकतात, यात हसण्यासारखे काही नाही. शिवाय सेमिनरी ही गरीब भाविकांच्या दानातून चालते. आपली मुले तेथे श्रद्धा शिकतील या विश्वासाने ते पैसे देतात. जो शिक्षक एका श्रद्धाविधानावर सही करतो आणि वर्गात त्याच्या उलट शिकवतो, तो केवळ स्वातंत्र्य वापरत नाही, विश्वासही मोडतो. संस्थेला आपली श्रद्धा राखण्याचा हक्क आहे. हे मान्य केले पाहिजे.

पण हक्क आहे म्हणून तो कसाही वापरावा असे होत नाही. सही केलेल्या शब्दांचा अर्थ एका गटाने नंतर अरुंद करायचा आणि तो अर्थ न मानणाऱ्याला बेइमान ठरवायचे, हा अन्याय आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचे पूर्ण ऐकून न घेता निर्णय देणे हाही अन्याय आहे. आणि सर्वांत मोठे नुकसान होते ते वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याचे. प्रश्न विचारला की शिक्षा होते हे त्याने पाहिले की तो प्रश्न विचारायचे थांबतो. आपण समजतो की त्याची श्रद्धा दृढ झाली. प्रत्यक्षात तो फक्त गप्प झालेला असतो. उद्या तो धर्मगुरू किंवा पाळक होईल, आणि त्याच्यासमोर कोणी पुडी उलटी केली की तोही ओरडेल.

कोणी विचारील, असे मोकळे सोडले तर थांबायचे कुठे? आज मोहरी, उद्या पुनरुत्थान? हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की आपल्या सोयीने रेघ ओढायची नाही. लेखकाला काय सांगायचे आहे ते प्रामाणिकपणे विचारायचे. बियांचे आकार मोजून देणे हा मार्कचा हेतू नाही. पण पौल करिंथकरांस लिहिताना उठलेल्या ख्रिस्ताला ज्यांनी पाहिले त्यांची नावे सांगतो, त्यातले बरेच अजून जिवंत आहेत असे म्हणतो आणि ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ आहे असे स्वतःच लिहितो. पुनरुत्थान हा त्याच्या सांगण्याचा गाभा आहे. जी पद्धत मोहरीबद्दल आपल्याला मोकळे करते तीच पद्धत पुनरुत्थानाबद्दल आपल्याला बांधते.

लेखकाचा हेतू ठरवायचा कोणी, यावर मतभेद राहणारच. आपण कॅथलिक म्हणतो की ख्रिस्तसभेने, तिच्या शिकवण्याच्या अधिकाराने. हे खरेच आहे. पण त्या अधिकारालाही लाग्रांजसारख्यांकडून शिकावे लागले, आणि त्याला वेळ लागला. म्हणून अभ्यासकाने धीर धरावा आणि अधिकाऱ्याने कान उघडे ठेवावेत, असे मला वाटते.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण आपल्या मराठी माणसांसमोर आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी आपल्या गुरुभगिनींचे प्रत्येक म्हणणे निमूट मानले नाही. सद्सद्विवेक गहाण ठेवणार नाही, असा पवित्रा घेऊन त्यांनी पत्रांतून वाद घातला. काहींना त्या हट्टी वाटल्या, काहींना त्यांच्या श्रद्धेची काळजी वाटली. पण याच बाईने हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे खर्ची घातली. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि १९२४ मध्ये ते भाषांतर प्रसिद्ध झाले. ज्यांना प्रश्न पडत नाहीत त्यांच्या हातून असे काम होत नाही.

तिसऱ्या रविवारी मी त्या मुलाच्या घरी गेलो. त्याच्या आईसमोर त्याला म्हणालो, "तुझं बरोबर होतं. मला उत्तर येत नव्हतं म्हणून मी ओरडलो." तो काही बोलला नाही. निघताना मी त्याला पुडी घेऊन यायला सांगितले. पुढच्या रविवारी तो आला. आम्ही दोन्ही बिया प्रत्येकाच्या तळहातावर ठेवल्या आणि दाखला पुन्हा वाचला. यावेळी कोणी हसले नाही.

पालकांना एक विनंती. या आठवड्यात घरी जेवताना मुलांना विचारा, बायबलमधले काय समजत नाही. उत्तर आले नाही तर आले नाही म्हणा, आणि फादरांना किंवा आम्हा शिक्षकांना विचारायला पाठवा.

प्रार्थना करू या : हे प्रभू, तू आमच्या बोलीत आमच्याशी बोललास. आम्हांला तुझे सत्य न घाबरता शोधू दे, आणि प्रश्न विचारणाऱ्या लेकरांना तुझ्यापासून दूर लोटू नये एवढे शहाणपण दे. आमेन.